फ्रँक चॅपमन आणि पाण्याने वेढलेले अरण्य

पक्ष्यांचा संहार म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, जाळे, फासा अगर गलोल उभी राहते. या साधनांनी जो पक्षी मरतो तो पडताना दिसतो, आणि दिसतो म्हणूनच दयाळू माणसास त्याबद्दल हळहळ वाटते. परंतु पक्ष्यांचा आणखी एका प्रकारे नाश होतो. त्यात कोणी शिकारी नसतो व रक्ताचा थेंबही सांडत नाही. अरण्याचा एक तुकडा मोठ्या अरण्यापासून तुटतो, आणि त्या तुकड्यातील पक्षी वर्षानुवर्षे, एकेक जात करीत, नाहीसे होत जातात. झाडे मात्र पूर्वीसारखीच उभी असतात. त्यामुळे तेथून काही गेले आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्यास कळतही नाही. अमेरिकेतील सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या चरित्राचा या दोन्ही प्रकारच्या नाशांशी संबंध आहे. पहिल्याशी ते तरुणपणी उघडपणे झगडले. दुसरा त्यांच्या उतारवयात, ज्या बेटावर ते आपले हिवाळे घालवीत त्या बेटावरच, निःशब्दपणे चालला होता. तो पुढे जगास ज्या टिपणांमुळे समजला, त्यांत चॅपमन यांच्या टिपणांचाही वाटा आहे.

चॅपमन यांचा जन्म १२ जून १८६४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, एंगलवुड या ठिकाणी झाला. लहानपणापासून फ्रँकला पाखरांचे वेड होते. शाळेचे शिक्षण संपल्यावर तो कॉलेजात गेला नाही, इ. स. १८८० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्क शहरातील एका पेढीत त्याने नोकरी धरली. पुढे विद्वानांच्या सभांत मानाचे स्थान मिळविणाऱ्या या पुरुषाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पण त्याने अभ्यास केला नाही, असा मात्र तिचा अर्थ कोणी करू नये. इ. स. १८८४ मध्ये पक्ष्यांच्या स्थलांतराची माहिती गोळा करण्यासाठी तेथील पक्षिशास्त्रज्ञांनी देशभरातील हौशी मंडळींची मदत मागितली. फ्रँकने आनंदाने होकार दिला. पहाटे उजाडण्यापूर्वी उठून तो रानात जाई, दिसलेला प्रत्येक पक्षी टिपून घेई, आणि मग आगगाडीने शहरात जाऊन दिवसभर पेढीच्या वह्या लिही. सायंकाळी परत आला की अंधार पडेपर्यंत पुन्हा रानात. असे त्याने ऋतूभर केले. त्याने पाठविलेले टिपण तज्ज्ञांच्या पसंतीस उतरले. दोन वर्षांनी, इ. स. १८८६ मध्ये, त्याने पेढीची नोकरी सोडून दिली. हातची पोटापाण्याची सोय टाकून पाखरांच्या मागे लागणारा हा तरुण पुष्कळांस वेडाच वाटला असेल.

त्याच वर्षी चॅपमन यांनी एक साधी पण परिणामकारक गोष्ट केली. त्या काळी स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, किंबहुना पेंढा भरलेले सबंध पक्षी लावण्याची टूम निघाली होती, आणि तिच्यापायी दरवर्षी असंख्य पक्षी मारले जात. चॅपमन दोन दिवस तिसऱ्या प्रहरी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून फिरले आणि समोरून येणाऱ्या स्त्रियांच्या टोप्या मोजू लागले. ७०० टोप्या मोजल्या, त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. आणि ती पिसे ज्यांची होती असे ४० जातींचे पक्षी त्यांनी ओळखले. रानात शिकलेली विद्या त्यांनी अशी शहराच्या रस्त्यावर उपयोगात आणली. त्यांनी कोणावर टीकेचा भडिमार केला नाही. नुसते आकडे छापून दिले. त्या आकड्यांनी जे काम केले ते मोठमोठ्या व्याख्यानांनीही झाले नसते.

इ. स. १८८८ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या पदार्थसंग्रहालयात त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली, आणि पुढील चोपन्न वर्षे, म्हणजे १९४२ पर्यंत, ते त्याच संस्थेत राहिले. १९०८ मध्ये ते तेथील पक्षिविभागाचे प्रमुख झाले. संग्रहालयातील पेंढा भरलेले पक्षी नुसते फळीवर ओळीने न मांडता, त्यांच्या घरट्यांसह, पिलांसह व रानाच्या देखाव्यासह मांडावेत, म्हणजे पाहणाऱ्यास पक्ष्याचा संसारच दिसेल, ही कल्पना त्यांनी तेथे मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. १८९५ मध्ये त्यांनी पूर्व अमेरिकेतील पक्ष्यांवर लिहिलेले हस्तपुस्तक पुष्कळ वर्षे तेथील पक्षिप्रेमींचा सोबती होऊन राहिले. १८९९ मध्ये त्यांनी ‘बर्ड-लोअर’ हे द्वैमासिक सुरू केले. फ्लॉरिडातील पेलिकन नावाचे बेट हे तेथील पाणकोळ्यांचे घरटी करण्याचे ठिकाण होते. ते सुरक्षित राखावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत चॅपमन हे प्रमुख होते, आणि १९०३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या बेटास सरकारी संरक्षण दिले.

नाताळच्या सणाशी त्यांचे नाव कसे जोडले गेले हेही सांगितले पाहिजे. त्या काळी अमेरिकेत नाताळच्या दिवशी लोक दोन तट करून बंदुका घेऊन रानात जात आणि ज्या तटाने अधिक पशुपक्षी मारले तो जिंकला, असे मानीत. चॅपमन यांनी १९०० साली आपल्या द्वैमासिकातून सुचविले की, या दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. पहिल्या वर्षी अवघ्या २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. तो प्रघात अद्याप चालू आहे. आज हजारो लोक त्यात भाग घेतात, आणि शंभराहून अधिक वर्षांच्या त्या मोजदादीवरून कोणता पक्षी वाढला व कोणता घटला हे शास्त्रज्ञांस सांगता येते. मोजणे हे प्रेमाचेच एक रूप आहे, हे चॅपमन यांनी आपल्या देशबांधवांस शिकविले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांचे लक्ष दक्षिणेकडील उष्ण कटिबंधातील अरण्यांकडे वळले. कोलंबिया देशात त्यांनी व त्यांच्या साहाय्यकांनी अनेक मोहिमा केल्या, आणि तेथील पक्ष्यांच्या वाटणीविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इक्वेडोर देशावरील तसाच ग्रंथ १९२६ मध्ये निघाला. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत गेले असता पक्ष्यांच्या वस्त्या कशा बदलत जातात, हे त्यांनी त्यांत दाखविले. या अरण्यांचा स्वभाव थंड देशांतील रानांहून अगदी निराळा आहे. थंड देशात पक्ष्यांच्या जाती थोड्या, पण एकेका जातीचे पक्षी पुष्कळ. उष्ण अरण्यात जाती शेकड्यांनी, पण त्यांपैकी बहुतेक जातींचे पक्षी विरळ. कोसभर चालावे तेव्हा कोठे एखादी जोडी दृष्टीस पडावी. शिवाय त्यांतील कित्येक पक्षी उंच झाडांच्या खालच्या दाट सावलीतच जन्मतात, वाढतात आणि मरतात. उघडे ऊन त्यांनी कधी अंगावर घेतलेले नसते. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तीवर अवलंबून आहे.

आता त्या बेटाकडे वळू. अटलांटिक व पॅसिफिक हे दोन महासागर जोडण्यासाठी पनामाचा कालवा खणला गेला, तेव्हा चाग्रेस नदीवर गाटून येथे प्रचंड धरण बांधण्यात आले. पाणी चढू लागले, दऱ्या बुडाल्या, आणि १९१४ मध्ये कालवा सुरू झाला त्या सुमारास त्या भागातील टेकड्यांचे माथे तेवढे पाण्यावर राहिले. त्या माथ्यांपैकी सर्वांत मोठा म्हणजे बॅरो कोलोरॅडो. काल जे सलग अरण्याने वेढलेले शिखर होते ते आज सुमारे ६ चौरस मैलांचे बेट झाले. जवळचा किनारा काही ठिकाणी काहीशे मीटरच दूर. तिकडचे अरण्य इकडून डोळ्यांस दिसे. १९२३ मध्ये हे बेट शास्त्रीय अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आले. तेथे शिकार बंद, झाडतोड बंद. अरण्याला याहून सुरक्षित जागा कोणती असणार, असेच तेव्हा कोणासही वाटले असते.

चॅपमन या बेटावर प्रथम गेले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ते ठिकाण त्यांना इतके आवडले की पुढे जवळजवळ प्रत्येक हिवाळा ते तेथे घालवू लागले. तेथील जीवनावर त्यांनी १९२९ व १९३८ मध्ये दोन पुस्तके लिहिली. ओरोपेंडोला नावाचा पक्षी, आपल्या सुगरणीप्रमाणेच, उंच झाडाच्या फांद्यांस लांबलचक विणलेली घरटी टांगतो. अशा एका वस्तीवर त्यांनी दिवसचे दिवस नजर ठेवून कोणती मादी केव्हा काय करते याची बारीक नोंद केली. मॅनाकिन हा चिमुकला पक्षी रानातील जमिनीचा लहानसा तुकडा पालापाचोळा काढून स्वच्छ करतो आणि मादीस मोहविण्यासाठी तेथे उड्या मारीत पंखांचे चटचट आवाज करतो. त्याचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. रात्री पायवाटांवर कोण फिरते हे पाहण्यासाठी त्यांनी वाटेत तार ताणून तिला कॅमेरा जोडला. जनावराचा पाय तारेस लागला की प्रकाश पडून त्याचे चित्र आपोआप निघे. अशा रीतीने त्यांनी प्यूमा व टॅपिर यांसारख्या प्राण्यांची छायाचित्रे मिळविली, आणि तो वृत्तांत १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभर अरण्यांतून याच युक्तीचे कॅमेरे लावले जातात.

या सर्व उद्योगाबरोबर बेटावरील पक्ष्यांची नोंद चालूच होती. चॅपमन यांच्याप्रमाणे दुसरेही अभ्यासक तेथे येत व आपापल्या याद्या ठेवीत. त्या वेळी या याद्यांचे मोल कोणास फारसे कळले नसेल. अमुक पक्षी आज दिसला, तमुक काल ऐकू आला, एवढेच त्यांत असे. १५ नोव्हेंबर १९४५ रोजी चॅपमन यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच वर्षी बेटाची व्यवस्था स्मिथसोनियन या संस्थेकडे आली, आणि ती आजही तिच्याकडेच आहे.

पुढे काय झाले? १९६० पासून एडविन विलिस नावाचे शास्त्रज्ञ या बेटावर मुंगीपक्ष्यांचा अभ्यास करू लागले. उष्ण अरण्यात लष्करी मुंग्यांच्या फौजा जमिनीवरून चाल करून जातात. त्यांच्या भीतीने पाल्याखालचे किडे, कोळी, झुरळे सैरावैरा पळतात, आणि काही पक्षी फौजेबरोबर राहून ते पळणारे भक्ष्य टिपतात. विलिस यांनी अशा तीन जातींवर लक्ष ठेवले. त्यांतील सर्वांत मोठा, निळ्या चेहऱ्याचा आणि अंगावर खवल्यांसारखे ठिपके असलेला मुंगीपक्षी कमी कमी होत जाऊन १९७० च्या सुमारास बेटावरून अजिबात नाहीसा झाला. मधल्या आकाराच्या जातीची संख्या घसरत गेली. सर्वांत लहान जात मात्र टिकून राहिली. विलिस यांनी जुन्या याद्या काढून त्यांच्याशी आपली गणना ताडून पाहिली, आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केले की हा पक्षी एकटाच गेलेला नाही. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणे बेटावरून गेलेल्या जातींची संख्या सुमारे ६५ भरली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्यांतील काही पक्षी झुडपांचे व मोकळ्या जागेचे होते. बेटावरील जुन्या शेतांच्या जागी अरण्य माजल्यामुळे ते गेले. परंतु बाकीचे अस्सल अरण्यवासी होते, आणि त्यांचे अरण्य तर तेथेच उभे होते! समोरच्या किनाऱ्यावरील मोठ्या अरण्यात हा निळ्या चेहऱ्याचा पक्षी नांदत राहिला. मग बेटावरूनच तो का जावा?

याचे एक कारण जागेचे आहे. मुंग्यांची फौज रोज चाल करीत नाही. म्हणून तिच्यावर पोट भरणाऱ्या मोठ्या पक्ष्यास अनेक फौजांच्या मुलखावर फिरावे लागते, आणि त्यासाठी एका जोडीस विस्तीर्ण क्षेत्र हवे. सहा चौरस मैलांत अशा जोड्या थोड्याच मावतात. दुसरे कारण संख्येचे. जेथे थोड्याच जोड्या आहेत तेथे एक कोरडे वर्ष, एखादा रोग, किंवा लागोपाठ दोन हंगाम पिले न जगणे, एवढ्यानेही वंश खुंटतो. या बेटावर घरट्यांतील अंडी व पिले खाणाऱ्या लहान जनावरांचा उपद्रव किनाऱ्यावरील अरण्यापेक्षा अधिक असल्याचेही काही अभ्यासकांस आढळले. आता सलग अरण्यात एका भागातील पक्षी संपले तरी शेजारच्या भागातील तरुण पक्षी येऊन ती जागा भरून काढतात. बेटावर मात्र कोणी आले नाही. हे तिसरे कारण, आणि हेच सर्वांत विचार करण्यासारखे आहे.

पाखराला पंख असताना काहीशे मीटर पाणी ओलांडता येऊ नये, हे ऐकून नवल वाटते. म्हणून शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. रानातील पक्षी पकडून, नावेने गाटून सरोवरात नेऊन, किनाऱ्यापासून १००, २०० व ३०० मीटरांवर त्यांनी ते सोडले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले की काही जातींचे पक्षी सहज किनाऱ्यास पोहोचले. पण सावलीत राहणाऱ्या काही जातींच्या पक्ष्यांना १०० मीटरसुद्धा पार करता आले नाहीत. आणि ज्या जाती उडण्यात अशा दुबळ्या ठरल्या, त्याच बेटांवरून अधिक नाहीशा झालेल्या होत्या. तरुण चॅपमन पहाटेच्या अंधारात न्यू जर्सीच्या रानात जे स्थलांतर करणारे पक्षी टिपीत, त्यांतील कित्येक दरसाल समुद्र ओलांडून जात. आणि वृद्ध चॅपमन यांच्या बेटावर असे पक्षी होते की ज्यांस एका लहानशा खाडीएवढे पाणी म्हणजे अथांग सागर. पक्षी म्हटला की सर्वत्र सारखाच, असे आपण समजतो ते किती चुकीचे आहे!

अरण्य तोडण्यास पाणीच लागते असे नाही. ब्राझील देशात मानाउस शहराजवळ टॉमस लव्हजॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून याचा मुद्दाम अभ्यास केला. तेथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जात असता १, १० व १०० हेक्टरांचे तुकडे राखून ठेवण्यात आले, आणि तोड होण्यापूर्वी व नंतर त्यांतील पक्ष्यांची गणना करण्यात आली. आरंभी आसपासचे निराश्रित पक्षी या तुकड्यांत शिरल्याने तेथे गर्दी झाली. ती पाहून कोणास वाटले असते की अरण्य लहान झाले तरी पक्षी वाढले! पण थोड्याच काळात ती गर्दी ओसरली, आणि लहान तुकड्यांतून मुंगीपक्षी नाहीसे झाले. कुरणाची उघडी पट्टी ओलांडणे त्यांस सरोवराइतकेच अवघड गेले. तथापि याच ठिकाणी एक आशेची गोष्टही दिसली. काही कुरणे ओस पडून त्यांवर नवीन झाडी वाढली, आणि त्या झाडीच्या सावलीतून कित्येक पक्षी जुन्या तुकड्यांत परत आले. तुटलेले अरण्य पुन्हा सांधले तर पक्षी ते ओळखतात. बॅरो कोलोरॅडोच्या पाण्यावर झाडे उगवणे शक्य नाही. पण जेथे मध्ये जमीन आहे तेथे झाडे लावणे व उगवू देणे माणसाच्या हाती आहे.

आपल्या सह्याद्रीतही धरणांची सरोवरे झाली आहेत, घाटरस्ते रुंद झाले आहेत, आणि राने जागोजाग तुटून वेगळी पडली आहेत. कोणतेही रान राखावयाचे म्हटले की आपण पहिला प्रश्न विचारतो, तो किती झाडे उरली हा. चॅपमन यांच्या बेटाने जगास आणखी दोन प्रश्न शिकविले आहेत: हे रान केवढे आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्या रानास जोडलेले आहे? कुंपण घातले, पहारेकरी ठेवला, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नाही. ज्या बेटावर एकही झाड तोडले जात नव्हते त्या बेटावरून अरण्याचे पक्षी गेले.

विद्यार्थी मित्रहो, चॅपमन यांच्या चरित्रात शौर्याचे प्रसंग थोडे आहेत. त्यांनी आयुष्यभर मुख्यतः एकच काम केले: पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. टोप्यांवरील मेलेले पक्षी मोजले तेव्हा त्या आकड्यांचा परिणाम त्यांना स्वतःला पाहावयास मिळाला. बेटावरील जिवंत पक्ष्यांची जी टिपणे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ठेवली, त्यांचा उपयोग त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने झाला. ती टिपणे नसती, तर बेटावरून गेलेली कित्येक पाखरे तेथे कधी होती हेही जगास कळले नसते. आणि जे होते हेच ठाऊक नाही, ते गेल्याचे दुःख कोणास व्हावे? आपल्या गावाजवळच्या रानात, देवराईत, किंबहुना शाळेच्या आवारातील वडाच्या झाडावर आज कोणकोणते पक्षी येतात, हे तुमच्यापैकी किती जणांस सांगता येईल? एक वही, एक पेन्सिल आणि पहाटे उठण्याची सवय, एवढ्या भांडवलावर पेढीतील एका कारकुनाने ही विद्या सुरू केली. तेवढे भांडवल तुमच्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. तुम्ही आज लिहिलेली यादी आणखी पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल हे आज सांगता येणार नाही. पण ती तारीख घालून, खरी आणि नीट लिहिलेली असली, तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल.